अजिंठ्याचीं चित्रें आणि वार्निश

वऱ्हाडांत बीबीसारख्या गावीं मातीची भिंत लिंपणाऱ्या बाईला गाऱ्यांत भुसा कां मिसळावा, हें कोणी शिकवावें लागत नाहीं. भुशावांचून गारा वाळतांच तडकतो. बुलढाणा जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या कातळांत ज्यांनीं चित्रें काढलीं, त्यांनींही हेंच केलें. माती, खडकाची भुकटी, भाताचें तूस व वनस्पतींचे धागे यांचा थर. वर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग. ओल्या चुन्यांत रंग मुरविण्याची इटालियन रीत येथें नव्हती. चित्र भिंतींत मुरलेलें नसून तिच्यावर केवळ बसलेलें आहे. पुढील सर्व अनर्थाचें मूळ या नाजूकपणांत आहे.

१८१९ सालीं इंग्रज अधिकाऱ्यांच्या एका शिकारी टोळीमुळें या लेण्यांचा बोलबाला झाला. रॉबर्ट गिल यांनीं वर्षानुवर्षें खपून केलेल्या नकलांपैकीं बहुतेक १८६६ त लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ त आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. नकला गेल्या, परंतु त्या नीट उतराव्या म्हणून मूळ चित्रांवर फिरविलेलें वार्निश मात्र राहिलें!

वार्निशानें फिका रंग तात्काळ उजळतो. कांहीं वर्षांनीं तेंच पिवळें पडतें, आकसतें, आणि आकसतांना खालच्या रंगाचे पापुद्रे ओढून काढतें.

निजाम सरकारनें गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखालीं इटलीहून लोरेन्झो सेक्कोनी व त्यांचे सहकारी ओर्सिनी यांस पाचारण केलें. १९२० ते १९२२ या काळांत त्यांनीं सुटलेले थर पुन्हां चिकटविले, फुटक्या कडा बांधल्या, जुनें वार्निश जमेल तितकें काढलें. हे हात लागले नसते तर कित्येक चित्रें आज जमिनीवर धूळ होऊन पडलीं असतीं, हें त्यांच्या टीकाकारांनींही विसरूं नये. पण शेवटीं त्यांनींही लाखेचा लेप दिलाच, आणि तोही काळवंडला.

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर हा वारसा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला. तेथील रसायनतज्ज्ञ लाखेचा थर द्रावकांनीं मऊ करून अगदीं थोडथोडा उचलतात. घाई केली तर लाखेबरोबर रंगही निघून येतो. जेथें चित्र उरलेंच नाहीं तेथें नवें काढीत नाहींत. आसपासच्या छटेशीं जुळता गारा भरून ती जागा तशीच मोकळी ठेवतात.