पिवळ्या सुराची कुळकथा

१९११ चं वर्ष नुकतंच उजाडलं होतं. म्युनिकमध्ये आर्नोल्ड शोनबर्गच्या रचनांची मैफल होती. आपल्याकडे गाणं ज्या षड्जावर उभं राहतं, तसा आधारस्वरच या संगीतकाराने नव्या रचनांत सोडून दिला होता. श्रोत्यांत ४४ वर्षांचा रशियन चित्रकार वासिली कॅन्डिन्स्की होता. मैफल त्याने आधी कोळशाने कागदावर उतरवली, मग तैलरंगात. ते चित्र म्हणजे ‘इम्प्रेशन ३ (कॉन्सर्ट)’.

कोळशाच्या रेखाटनात पियानो आणि श्रोते ओळखू येतात. कॅनव्हासवर पियानोचा उरतो एक मोठा काळा आकार. श्रोते होतात वाकलेल्या रेषा आणि रंगांचे ठिपके. आणि उजवीकडे पसरत जातो पिवळा, अख्खं दालन भरून टाकणारा.

हा पिवळा एका रात्रीत आलेला नाही. १८८९ मध्ये कायद्याचा विद्यार्थी असताना कॅन्डिन्स्की वोलोग्दा प्रांतातल्या शेतकऱ्यांच्या घरांत गेला. रंगवलेलं सामान, भिंतींवरची चित्रं. आपण चित्राच्या आतच वावरतो आहोत, असं त्याला वाटलं. पुढे मॉस्कोतल्या प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र त्याने पाहिलं. ती गंजी आहे हे त्याला सूचीतून कळलं, पण चित्र त्याआधीच मनात रुतलं होतं. १८९६ मध्ये प्राध्यापकी नाकारून तो चित्रकला शिकायला म्युनिकला आला. १९०८ पासून मुर्नाऊ गावातले डोंगर आणि घरं रंगवता रंगवता त्याचे रंग वस्तूंच्या कडा ओलांडू लागले.

१९११ च्या अखेरीस आलेल्या ‘कलेतील आध्यात्मिकतेविषयी’ या पुस्तकात त्याने रंगांचे स्वभाव मांडले. निळा आत ओढून नेतो, पिवळा अंगावर येतो, तुतारीसारखा.

स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्तीने १९०६ मध्येच अमूर्त चित्रं काढायला घेतली होती, त्यामुळे अमूर्त चित्रकलेतल्या पहिलेपणाचा मान कॅन्डिन्स्कीला देता येत नाही. पण वस्तू विरघळून भावना कशी उरते, ते इतक्या जवळून दाखवणारी चित्रं थोडी. इथे पियानो अजून दिसतो, आणि ऐकूही येतो.

नाझी राजवटीत कॅन्डिन्स्कीची चित्रं त्याची एकेकाळची सहचारिणी, चित्रकार गाब्रिएले म्युंटर हिने आपल्या मुर्नाऊच्या घराच्या तळघरात लपवून जपली. १९५७ मध्ये, ८० व्या वाढदिवसाला, तिने आपला संग्रह म्युनिकच्या लेनबाखहाऊसला दिला. ‘इम्प्रेशन ३’ आज तिथेच आहे.