‘तो म्हणाला की मी येतो’ हे इंग्रजीत सांगताना आपण नेमके कुठे अडकतो? डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचची पूर्ण गोष्ट

समजा, तुमच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने एचआरला इंग्रजीत मेसेज टाकला, ‘सर सेड दॅट यू कम टुमॉरो.’ त्याच्या मनात होतं, ‘सर मला म्हणाले की तू उद्या ये.’ एचआरमधल्या माणसाने मात्र वाचलं की सरांनी आपल्यालाच उद्या बोलावलंय. व्याकरणाची चूक एका शब्दाची आहे, पण उद्या ऑफिसला कोण जाणार हेच त्यामुळे बदललं.

शाळेत ज्याला आपण ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ म्हणायचो, मराठी व्याकरणात ज्याला प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन म्हणतात, उत्तर भारतातले विद्यार्थी ज्याला ‘नॅरेशन’ म्हणून ओळखतात, तो हा धडा. परीक्षेत ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ खाली एका-दोन मार्कांना यायचा. स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीत तो आजही येतो. नियमांचा तक्ता पाठ करून मार्क मिळवलेल्या अनेकांची गाडी प्रत्यक्ष बोलताना मात्र इथेच अडते. असं का होतं?

मराठीत ‘की’ म्हटलं की काम झालं

मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगायची पद्धत फार सोपी आहे. ‘की’ लावायचा आणि पुढे तो माणूस जसं बोलला तसं ठेवून द्यायचं.

‘राहुल म्हणाला की मी दमलोय.’
‘आईने विचारलं की तू जेवलास का?’
‘सर म्हणाले की दार लाव.’

पहिलं साधं विधान आहे, दुसरा प्रश्न आहे, तिसरी आज्ञा आहे. तिन्हींना एकच ‘की’ चालला. काळ बदलला नाही, ‘मी’चा ‘तो’ झाला नाही, प्रश्न प्रश्नच राहिला. मराठी सांगणारा माणूस जणू रेकॉर्डिंग वाजवून दाखवतो. राहुल ज्या क्षणी, ज्या जागेवरून बोलला, तिथेच आपण ऐकणाऱ्याला नेऊन उभं करतो.

इंग्रजी असं करत नाही. इंग्रजीत सांगणारा स्वतःच्या जागेवर उभा राहतो आणि तिथून राहुलकडे बघतो. राहुलचा ‘आय’ सांगणाऱ्याच्या दृष्टीने ‘ही’ असतो. राहुलचं ‘आज’ सांगणाऱ्यासाठी कदाचित परवा होऊन गेलेलं असतं. राहुलचा वर्तमानकाळ सांगणाऱ्यासाठी मागे पडलेला असतो. म्हणून ‘आय अ‍ॅम टायर्ड’चं होतं ‘राहुल सेड दॅट ही वॉज टायर्ड’.

इथे एक गैरसमज होतो. या ‘वॉज’चा अर्थ राहुल आधी कधीतरी दमला होता, असा नाही. तो बोलत होता त्याच वेळी दमलेला होता. फक्त ते बोलणं आता जुनं झालं, म्हणून ‘अ‍ॅम’ एक पायरी मागे सरकून ‘वॉज’ झालं. मराठी विद्यार्थी ‘वॉज’चं भाषांतर ‘होता’ असं करतो, त्याला वाटतं अर्थच बदलला, आणि मग तो बिचकून ‘राहुल सेड दॅट आय अ‍ॅम टायर्ड’ असं लिहून मोकळा होतो. इंग्रजी वाचणाऱ्याच्या लेखी यात राहुल नाही, लिहिणारा स्वतः दमलेला आहे.

ही काही मराठी माणसाची कमजोरी नाही. हिंदी, रशियन, जपानी या भाषाही मूळ बोलण्याचा काळ साधारण तसाच ठेवतात. फ्रेंच मात्र इंग्रजीसारखी काळ मागे सरकवते. दोन्ही पद्धती तर्काला धरूनच आहेत. अडचण येते ती एकीचे नियम दुसरीत नेल्यावर.

इंग्रजीत एक दार नाही, तीन आहेत

‘की’ म्हणजे ‘दॅट’ हे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. सगळ्यात जास्त चुका इथूनच सुरू होतात, कारण ‘दॅट’ फक्त साध्या विधानाला चालतो.

प्रश्न असेल तर ‘दॅट’ला जागाच नाही. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हा प्रश्न सांगताना ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड’ असं होतं. यात ‘डू’ गायब झालं, कारण हा आता प्रश्न राहिलेला नाही, प्रश्नाची बातमी आहे. त्यामुळे शब्दांचा क्रमही विधानासारखा होतो, आधी ‘आय’, मग क्रियापद. ‘शी आस्क्ड मी व्हेअर डू आय लिव्ह’ किंवा ‘शी आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह’ ही वाक्यं आपल्याकडे सर्रास ऐकू येतात, दोन्ही चुकीची.

आणि प्रश्न ‘हो-नाही’चा असेल तर? मराठीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘का’ इंग्रजीत पुढे येतो आणि ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ होतो. ‘तू येतोस का?’चं ‘ही आस्क्ड मी इफ आय वॉज कमिंग’. हा ‘इफ’ म्हणजे ‘जर’ नव्हे. तो आपला ‘का’ आहे एवढं लक्षात राहिलं तरी अर्धा गोंधळ मिटतो.

तिसरं दार आज्ञा, विनंती, सल्ल्याचं. ‘दार लाव’चं ‘सर टोल्ड मी टू क्लोज द डोअर’. नकार असेल तर ‘नॉट’ हा ‘टू’च्या आधी, म्हणजे ‘टोल्ड मी नॉट टू टच इट’. सुरुवातीच्या मेसेजमध्ये एवढंच हवं होतं: ‘सर टोल्ड मी टू कम टुमॉरो.’ ‘मी’ आलं आणि उद्या कुणी यायचं हा प्रश्नच संपला.

‘सेड’ आणि ‘टोल्ड’चा घोळही इथलाच. ‘टोल्ड’ला लगेच माणूस लागतो, ‘टोल्ड मी’, ‘टोल्ड हर’, मधे ‘टू’ नको. ‘सेड’ला माणूस लागलाच पाहिजे असं नाही. म्हणून ‘ही सेड मी’ चूक आणि ‘ही टोल्ड टू मी’ही चूक. मराठीत ‘मला म्हणाला’ आणि ‘मला सांगितलं’ दोन्हींत ‘मला’ असल्याने आपल्या कानाला हा फरक जाणवतच नाही.

पाठ केलेला तक्ता कुठे फसतो

आपल्याकडे हा धडा शिकवण्याची ठरलेली पद्धत म्हणजे तक्ता. ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’. रेन आणि मार्टिन या जोडीच्या व्याकरणाच्या पुस्तकावर भारतातल्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्या परंपरेतल्या पुस्तकांमुळे हे तक्ते घराघरांत पोहोचले.

तक्ता चुकीचा नाही. पण तो नियम नसून एका विशिष्ट परिस्थितीचं उत्तर आहे. मित्राने सकाळी सांगितलं, ‘आय विल कॉल यू टुमॉरो’, आणि तुम्ही त्याच संध्याकाळी कुणाला ते सांगताय, तर ‘टुमॉरो’ हा ‘टुमॉरो’च राहील. उद्या अजून उजाडलेलाच नाही! आठवड्याने सांगाल तर ‘द नेक्स्ट डे’. तुम्ही त्याच खोलीत उभे असाल तर ‘हिअर’चं ‘देअर’ करायचं कारण नाही.

काळाचंही तसंच. मित्र आत्ताही आजारी असेल तर ‘ही सेड ही इज सिक’ हे बोलीभाषेत अगदी बरोबर आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते अशा कायम सत्याबाबत काळ बदलायची गरज नसते, हा अपवाद शाळेत शिकवतात. पण त्यामागचा विचार व्यापक आहे. सांगतानाही गोष्ट खरीच असेल आणि सांगणाऱ्याला ती आपल्या जबाबदारीवर खरी म्हणायची असेल, तर वर्तमानकाळ राहू शकतो. ‘ही सेड ही वॉज सिक’ म्हणणारा थोडं अंतर राखतो: तो असं म्हणाला, खरंखोटं त्याचं त्याला ठाऊक.

परीक्षेतल्या वाक्याला मात्र ना जागा असते ना वेळ. कोण कुणाला कधी सांगतंय हेच माहीत नसल्यामुळे सगळं बदलून टाका, असा संकेत ठरला. परीक्षेपुरता तो पाळावाच, मार्क त्यालाच आहेत. उद्गारवाचक वाक्यांचं ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय दॅट’ हेही त्यातलंच. मॅच जिंकल्यावर मित्र काय ओरडले, हे सांगताना कुणी असं बोललेलं ऐकलंय का?

म्हणून हा विषय शिकवताना आधी तक्ता देण्यापेक्षा आधी निरोप द्यावा. वर्गात एका मुलाने दुसऱ्याच्या कानात एक वाक्य सांगायचं आणि दुसऱ्याने ते तिसऱ्याला इंग्रजीत पोहोचवायचं. ‘आय लॉस्ट माय पेन’ असं ऐकलेल्या मुलीने ‘ही सेड आय लॉस्ट माय पेन’ म्हटलं की तिसरा विचारतो, पेन कुणाचं हरवलं? सर्वनाम का बदलायचं हे त्या एका प्रश्नात कळतं. त्यानंतर तोच निरोप दुसऱ्या दिवशी सांगायला लावला की ‘टुडे’ आणि ‘यस्टर्डे’ यांचं काय करायचं हेही मुलं स्वतःच शोधतात. तक्ता मग फळ्यावर त्यांच्याकडूनच लिहून घेता येतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे या अशा खेळांसाठी लागणारा वेळ भरपूर मिळतो. प्रश्न तो वेळ कशावर खर्च होतो याचा आहे.

मराठीकडे काय आहे, जे इंग्रजीकडे नाही

मराठी पद्धतीत एक खरी अडचण आहे. ‘सुरेश म्हणाला की मी चुकलो.’ चुकलं कोण, सुरेश की हे वाक्य बोलणारा? नुसतं वाक्य वाचून सांगता येत नाही. पण इंग्रजीही धुतल्या तांदळासारखी नाही. ‘सुरेश टोल्ड रमेश दॅट ही वॉज राँग’ यातला ‘ही’ सुरेश की रमेश, हे इंग्रजीतही कळत नाही.

मराठीने यावर एक सुंदर तोडगा काढलाय आणि तो तुम्ही पेपरात रोज वाचता. ‘आपण राजीनामा देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.’ हा ‘आपण’ म्हणजे मी नाही, तुम्ही नाही, ज्याचं बोलणं सांगितलं जातंय तोच माणूस. एका शब्दात संशय संपला. आता मात्र ‘ते म्हणाले की ते राजीनामा देणार नाहीत’ अशी वाक्यं वाढली आहेत. ही थेट इंग्रजीच्या साच्यातून आलेली रचना आहे, आणि यातला दुसरा ‘ते’ कोण, हा प्रश्न ती विनाकारण उभा करते.

शिवाय आपल्याकडे ‘म्हणे’ आहे. ‘त्याने म्हणे फ्लॅट घेतला.’ कोण म्हणालं ते सांगायचं नाही, जबाबदारी घ्यायची नाही, थोडा संशयही पेरायचा. इंग्रजी बातम्यांना त्यासाठी ‘रिपोर्टेडली’, ‘अपॅरेंटली’ असे लांबलचक शब्द वापरावे लागतात, आणि तरीही ‘म्हणे’तला तो खोचकपणा येत नाही तो नाहीच.

अवतरणचिन्हं म्हणजे वचन

मराठीत अवतरणचिन्हांसकट आजची बरीचशी विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वळणाने आली आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. पण त्या दोन छोट्या खुणांमागची अट आपण अनेकदा विसरतो. अवतरणचिन्हांत घातलेले शब्द त्या माणसाचेच असले पाहिजेत. आशय सांगायचा असेल तर ती काढायची आणि अप्रत्यक्ष कथन वापरायचं.

ही अट किती गंभीर आहे, याचा खल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात झाला आहे. मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांच्यावर पत्रकार जॅनेट माल्कम यांनी 1983 मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लिहिलं. आपल्या तोंडी न बोललेली वाक्यं अवतरणचिन्हांत घातली, असा मॅसन यांचा आरोप होता. 1991 मध्ये न्यायालयाने म्हटलं की उद्गारातले शब्द बदलले एवढ्यानेच तो बदनामीच्या कायद्याने खोटा ठरत नाही, पण त्या बदलाने अर्थात मोठा फरक पडला तर ठरू शकतो. पुढे 1994 मध्ये ज्युरीने माल्कम यांच्या बाजूने निकाल दिला.

आता आपल्या फीडवर या. नेत्याचा फोटो, खाली अवतरणचिन्हांत ठळक वाक्य. ते वाक्य अनेकदा तासाभराच्या भाषणाचा कुणीतरी काढलेला सारांश असतो, किंवा हिंदी-इंग्रजी बोलण्याचं मराठी भाषांतर. भाषांतर असेल तर ते शब्द त्या नेत्याचे नसतातच, भाषांतर करणाऱ्याचे असतात. सारांश असेल तर अवतरणचिन्हं तिथे असायलाच नकोत. ‘अमुक यांनी टीका केली’ आणि ‘अमुक म्हणाले’ यांतही फरक आहे, कारण ‘टीका केली’, ‘कबूल केलं’, ‘दावा केला’ ही क्रियापदं सांगणाऱ्याने निवडलेली असतात. ‘कबूल केलं’ म्हटलं की गुन्हा गृहीत धरला. ‘दावा केला’ म्हटलं की शंका घेतली.

त्यामुळे असं एखादं कार्ड फॉरवर्ड करण्याआधी मूळ व्हिडिओत ते वाक्य शोधून बघा. सापडलं नाही, तर तो आशय ‘असे ते म्हणाले’ लावून स्वतःच्या शब्दांत लिहिता येतो, आणि व्हिडिओत तसा आशयही नसेल तर तेवढंही लिहिता येत नाही.