हान्स घोड्याचं गणित

मंडळी, आजचा एपिसोड छोटा, पण किस्सा भारी. १९०४ चं बर्लिन. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे रिटायर्ड गणिताचे मास्तर आणि त्यांचा घोडा हान्स. बेरीज विचारा, तारीख विचारा, हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. मास्तर पैसेही घ्यायचे नाहीत, त्यामुळे संशय कसला घेणार? १३ जणांच्या समितीनेही तपासून सांगितलं, लबाडी काही दिसत नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने एक साधी टेस्ट लावली. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर? माहीत असताना हान्स १०० पैकी ८९ वेळा बरोबर, माहीत नसताना फक्त ६ वेळा!

झालं असं की प्रश्न विचारून माणूस खुराकडे बघायला किंचित वाकायचा, की हान्स सुरू. बरोबर आकडा आला की डोकं नकळत जरासं वर जायचं, की हान्स थांबला. फुंग्स्टला हे कळल्यावरही स्वतःचं डोकं आवरता येईना! मला विचाराल तर हे वाचणं भागाकारापेक्षा अवघड आहे.

मॉडेल भलत्याच खुणेवरून बरोबर उत्तर देतं, त्याला आम्ही मशीन लर्निंगवाले आजही 'क्लेव्हर हान्स' म्हणतो. एका गाजलेल्या डेटासेटमध्ये बऱ्याच फोटोंवर कॉपीराइटची ओळ होती. मॉडेल प्राणी सोडून ती ओळच ओळखायला शिकलं. फोटो कसले? घोड्यांचेच!

मास्तरांना मात्र फुंग्स्टचा निकाल कधीच पटला नाही. हान्सला घेऊन ते खेळ करत राहिले. १९०९ मध्ये वारले.