‘मानभावी’ : एका शब्दात दडलेला अन्याय

थ्रेड

१/ वरवर गोड बोलणाऱ्या, पण मनात कपट बाळगणाऱ्या माणसास आपण सहज ‘मानभावी’ म्हणतो. हा शब्द मुळात शिवी नव्हता. ‘महानुभाव’ या पंथनामाचे लोकांच्या तोंडी ‘मानभाव’ झाले आणि त्यावरून ‘मानभावी’ हे विशेषण रूढ झाले. एका धर्मपंथाचे नाव दांभिकपणाचे नाव कसे झाले, त्याची ही हकिकत.

२/ आरंभ बुलढाणा जिल्ह्यातून करू. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामी महाराष्ट्रभर पायी फिरले. लोणार आणि मेहकर ही त्या भ्रमंतीतील महत्त्वाची स्थाने. जिल्ह्याच्या सीमेलगत, अजिंठ्याच्या डोंगररांगेतील जाळीचा देव हे त्यांच्याच आठवणीचे ठिकाण. आजही तेथे मोठी यात्रा भरते.

३/ लोणार त्या काळी गजबजलेले तीर्थ होते. देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव याची आणि स्वामींची भेट येथेच झाली, असे ‘लीळाचरित्र’ सांगते. म्हणजे आरंभी राजसत्तेने या पंथाकडे आदराने पाहिले होते. मग बिनसले कोठे?

४/ बिनसले ते श्रद्धेच्या गाभ्यापाशी. परमेश्वर एकच, इतर देवता त्याहून खालच्या. त्यांची उपासना मोक्ष देत नाही, ही चक्रधरांची शिकवण. तिच्या जोडीला अहिंसा, भिक्षा आणि संन्यास. स्त्रियांना संन्यासाचा व ज्ञानाचा अधिकार होता. मासिक धर्माचा विटाळही स्वामींनी मानला नाही. महदाइसेसारखी प्रश्न विचारणारी शिष्या आणि आद्य मराठी कवयित्री याच वातावरणात घडली.

५/ आता दुसरी बाजू पाहा. कान्हरदेवानंतर महादेव आणि रामदेव या यादव राजांच्या काळात हेमाद्री पंडित मोठ्या अधिकारावर होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा ग्रंथ व्रते, दाने, श्राद्धे यांचा महासागरच. जो पंथ या साऱ्या कर्मकांडाची गरजच नाकारतो, तो अशा व्यवस्थेस कसा रुचावा? स्वामींचा छळ झाल्याचे काही पोथ्यांत वर्णिले आहे. पंथाच्या श्रद्धेनुसार स्वामींनी अखेर उत्तरेकडे प्रयाण केले.

६/ त्यानंतर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या व रिद्धपूर येथे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. काळ सुमारे १२७८. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या शिष्यांना आचार्य नागदेवांनी रोखले, कारण त्यामुळे साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकल्या असत्या.

७/ पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. यादवसत्ता कोसळल्यानंतरच्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास सुरुवात केली. रवळोव्यासांची ‘सकळ लिपी’ त्यांत प्रमुख. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर, अशी तिची साधारण रीत. यामागील कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु परिणाम स्पष्ट आहे. ग्रंथ सुरक्षित राहिले, आणि पंथाबाहेरच्या मराठी वाचकास मात्र ते शेकडो वर्षे वाचता आले नाहीत.

८/ ग्रंथ बंद राहिले की अफवा मोकळ्या सुटतात. ग्रामदेवतेपुढे मान न झुकवणारे, काळी वस्त्रे नेसणारे हे लोक काहीतरी लपवतात, असा ग्रह पसरला. जादूच्या टोपीने कृष्णाचे रूप घेणाऱ्या कोणा कृष्णभटाने हा पंथ काढला, अशी कुचेष्टेची कथा प्रचलित झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी ती आपल्या लिखाणात जशीच्या तशी उतरून घेतली आणि ऐकीव निंदेला सरकारी कागदाचे वजन आले.

९/ त्यापूर्वीच सत्तेनेही शिक्का मारला होता. सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीतील १७८२ च्या आदेशाचा आशय असा : मानभाव सर्वस्वी निंद्य; चार वर्णांशी व षड्दर्शनांशी त्यांचा संबंध नाही; त्यांचा उपदेश ऐकणारा जातीबाहेर टाकावा. येथे शिक्षा कोणत्याही गुन्ह्याची नव्हती. ती केवळ ऐकण्याची होती.

१०/ विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांतून सांकेतिक लिप्या उलगडल्या आणि चित्र पालटले. ज्यांना कपटी म्हटले, त्यांच्याच पोथ्यांत मराठी गद्याची सर्वांत जुनी संपदा निघाली. आज रिद्धपूर येथेच मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे.

११/ तरी भाषेतला डाग पुसला गेला नाही. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण पाहा : एका ओळीत एका व्यवसायाची आणि एका पंथाची बदनामी. आदेश रद्द होतात, राज्ये जातात. म्हणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात आणि वापरणाऱ्यास त्यांतील विषाचा पत्ताही नसतो.

१२/ म्हणून मित्रहो, कधी लोणारच्या सरोवराकाठी गेलात, तर उल्केच्या आघातासोबत हाही इतिहास आठवा. आणि पुढच्या वेळी ‘मानभावी’ हा शब्द ओठांवर आला, तर क्षणभर थांबा. ‘दांभिक’ हा शब्द आपल्याकडे आहेच.