कोड दिसतो, पण विकता येतो का?

खारघर स्टेशनसमोर सी-डॅक आहे ना, त्यात 2003 मध्ये एनसीएसटी विलीन झाली. या एनसीएसटीने 'इंडिक्स' बनवलं. लिनक्सवरच्या एक्स विंडोमध्येच बदल करून देवनागरी आणली. कुणाकडे परवानगी मागायची गरज नव्हती. एक्सचं लायसन्सच तशी मोकळीक देतं.

एआय एजंटसाठी टूल निवडताना मला हेच आठवलं. एन-एट-एन 2019 चं, कोड गिटहबवर उघडा, ऑफिसची कामं झकास होतात. पण मला ते होस्ट करून गिऱ्हाइकांना विकायचं होतं. लायसन्स वाचलं तर 2022 पासून 'सस्टेनेबल यूज'! स्वतःच्या धंद्यात खुशाल वापरा, असं विकायचं तर वेगळा करार करा.

लँगचेन एमआयटी लायसन्सवर. विकता येतं, पण बरंचसं हाताने लिहावं लागतं (वैताग आहे, खरं सांगतो). तरी मी तेच घेतलं.