मोठे अक्षर, लहान अक्षर आणि संगणक

रोमन वर्णमालेतील प्रत्येक अक्षरास मोठे व लहान अशी दोन रूपे असतात, ही गोष्ट शिक्षकांच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिचा इतिहास विचारावा असे सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः ही मुळात दोन निरनिराळ्या काळांतील वळणे होत. रोममध्ये ट्राजनच्या स्तंभावर इ. स. 113 मध्ये कोरलेला लेख केवळ मोठ्या अक्षरांत आहे. लहान अक्षरांचे वळण आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात स्थिरावले. पुढे दोन्ही एकाच पानावर नांदू लागली. छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत आणि लहानांचे खालच्या पेटीत राहत. ‘अपर केस’ व ‘लोअर केस’ ही इंग्रजी नावे त्यावरूनच पडली.

संगणकाने हा भेद अंकांत उतरविला. ‘आस्की’ या अमेरिकी संकेतसारणीच्या 1963 च्या पहिल्या आवृत्तीत लहान अक्षरांना स्थानच नव्हते. ते 1967 मध्ये मिळाले. मोठ्या ‘ए’चा अंक 65, लहान ‘ए’चा 97, अंतर सर्वत्र 32. त्यामुळे अक्षर मोठे आहे काय, हे ठरविण्यास त्याचा अंक 65 ते 90 यांच्या दरम्यान आहे की नाही एवढे पाहणे पुरे होई. परंतु आयबीएमच्या ‘एब्सिडिक’ सारणीत अक्षरे सलग नव्हती. मध्येच रिकाम्या जागा आणि इतर चिन्हे येत. तेथे हाच हिशेब फसे. म्हणून ‘सी’ भाषेने ही परीक्षा ‘इझअपर’ नावाच्या स्वतंत्र कार्याकडे सोपविली, हे शहाणपणाचे झाले.

जगातील सर्व लिप्या 256 अंकांत मावणे शक्य नव्हते. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि 1995 च्या दुरुस्तीने ‘सी’ भाषेत ऐसपैस अंकांच्या, म्हणजेच ‘वाइड’ अक्षरांसाठी ‘इझडब्ल्यूअपर’ व ‘इझडब्ल्यूलोअर’ ही कार्ये आली. ही कार्ये अंकांची वजाबाकी करीत नाहीत. त्या त्या भाषाप्रदेशाची सारणी पाहतात. तशी गरजही होती. तुर्कांनी 1928 मध्ये रोमन लिपी स्वीकारताना टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन ‘आय’ ठेवले. त्यांची मोठी रूपेही वेगळी आहेत. जर्मनांच्या ‘एस्‌त्सेट’ अक्षराचे मोठे रूप युनिकोडमध्ये 2008 साली आले, आणि जर्मन शुद्धलेखनाच्या नियमांनी त्यास 2017 मध्ये मान्यता दिली.

आता ‘क’ हे अक्षर याच परीक्षेपुढे ठेवावे. मोठे काय? नाही. लहान काय? नाही. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. देवनागरीत हा भेदच नाही. गोव्यात राशोल येथे 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले; मोठ्या-लहान अक्षरांचा प्रश्न मराठी मजकुरास लागू पडू शकतो तो अशा लेखनातच. घोटाळा होतो तो कार्यक्रम लिहिणाराच्या गृहीतकाने. ‘मोठे नाही, म्हणजे लहान असलेच पाहिजे’ असे धरून चालणारा कार्यक्रम मराठी नाव ‘मोठ्या अक्षराने सुरू होत नाही’ म्हणून परत पाठवील. याच्या उलट चूकही संभवते. ‘क’चे मोठे रूप मागितले तर संगणक ‘क’च परत देतो, तेव्हा रूप बदलले नाही, म्हणून मूळ अक्षर मोठेच होते, असे अनुमान काढणाऱ्या कार्यक्रमास मराठीतील अख्खा परिच्छेद मोठ्या अक्षरांत लिहिलेला वाटेल.