कौलांआडचे नेपाळ

१/ भारतीयांना आज नेपाळात व्हिसाविना जाता येते. त्यामुळेच गिरीजच्या मित्रमंडळींना रेल्वेने रक्सौल आणि पुढे बसने काठमांडू असा स्वस्त बेत आखता येतो. शतकापूर्वी ही वाट निराळी होती.

२/ राणांच्या राजवटीत नेपाळ परक्यांना जवळजवळ बंद होते. मुख्य अपवाद शिवरात्रीच्या यात्रेकरूंचा. भीमफेदीपुढचे डोंगर पायी वा डोलीने ओलांडावे लागत. काठमांडूचा राजमार्ग १९५६ साली झाला.

३/ विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांचे दोन सहकारी, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आणि वासुकाका जोशी, त्या बंद देशात गेले. उघड उद्योग कौलांच्या कारखान्याचा. मनातला हेतू शस्त्रनिर्मितीचा. हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्रकायद्याचा पहारा होता; नेपाळवर इंग्रजांचे राज्य नव्हते.

४/ परंतु पंतप्रधान चंद्रशमशेर इंग्रजांचे स्नेही होते. १९०४ च्या तिबेट मोहिमेत त्यांनी इंग्रजांना साहाय्यच केले. शस्त्रांचा बेत तडीस गेला नाही. खाडिलकर परतले.

५/ १९०७ साली त्यांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. महाभारतातल्या कीचकात प्रेक्षकांनी कर्झन ओळखला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. कौलांआड जे साधले नाही, ते पुराणकथेआड साधले.